श्रमलेल्या अंगाची निगा

दिवसभर औत ओढून बैल गोठ्यांत आले म्हणजे जाणता शेतकरी त्यांचे खांदे पाहतो, अंगावरून खरारा फिरवितो आणि मगच जेवावयास बसतो. ही रीत उत्तम होय. परंतु त्याच घरांत सकाळपासून खुरपणी करून आलेल्या बाईच्या कंबरेची विचारपूस कोण करतो? उलट, रात्रीं घरधन्याचे पाय चेपण्याचें काम बहुधा तिच्याच वांट्यास येतें. हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं आणि त्याची गरजही नाहीं. कारण आपलें अंग आपणच रगडण्याचीं साधनें घरोघरीं आहेत.

पहिलें साधन काशाची वाटी. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत दिनचर्या सांगतांना डोकें, कान व पाय यांस विशेषेंकरून तेल लावावें असें म्हटलें आहे. तळव्यास थोडें तेल किंवा तूप लावून वाटी फिरविली म्हणजे पाय हलके होतात. तळवा काळा पडला कीं अंगांतील उष्णता निघाली, असा समज आहे; तो खरा नव्हे. तो काळेपणा घासल्यामुळें धातूची तेलाशीं क्रिया होऊन येतो. आराम मिळतो तो रगडण्यानें.

दुसरें साधन लाटणें. बसून, पाय सैल सोडून, लाटणें दोन्ही हातांनीं धरावें व पोटरीवर आणि मांडीवर खालून वर हळूहळू फिरवावें. एका जागीं अर्धा ते एक मिनिट पुरे. तिसरें साधन रबरी चेंडू. तो पाठ व भिंत यांच्यामध्यें धरून अंग हळूहळू हलविलें म्हणजे खांद्यामागील आखडलेले स्नायू सैल होतात. चेंडू कण्याच्या हाडावर मात्र येऊं देऊं नये.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां मान खालीं घालून लिहितां लिहितां खांदे लांकडासारखे ताठ होत. त्यांस या चेंडूनेंच उतार पडला, म्हणून हें लिहिण्याचें धाडस करितों.

तथापि या उपायाची मर्यादा ओळखली पाहिजे. खेळाडू वापरतात त्या लोळण्यांच्या प्रयोगांचा एकत्र आढावा सन २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यावरून सांध्याची हालचाल कांहीं वेळ वाढते व श्रमानंतरचें दुखणें कमी होतें, असें दिसतें. हा मोकळेपणा फार वेळ टिकत नाहीं. म्हणून रगडल्यावर लागलीच घोटा फिरवावा, पाय ताणावा, थोडें चालावें. आणि वाकून करावयाचें काम तसेंच चालूं ठेवून रात्रीं वाटी फिरविणें म्हणजे फुटका बांध न बुजवितां मोटेनें पाणी भरणें होय. लांब दांड्याचें कोळपें घ्यावें, खुरपणींत मधून मधून उभें राहावें. हाच मूळ उपाय.

जोरानें रगडलें म्हणजे गुण जास्त, हाही भ्रम आहे. दाब सोसवेल इतकाच असावा. फुगलेल्या शिरा, जखम, ताजी मोडतोड, यांवर हीं साधनें चालवूं नयेत. मधुमेहानें तळव्याची जाणीव गेली असेल, किंवा रक्त पातळ करण्याचें औषध चालूं असेल, तर आधीं डॉक्टरांस विचारावें. एकच पोटरी सुजून गरम झाली, अथवा कंबरेपासून पायांत कळ जाऊन पाय बधिर झाला, तर वेळ न दवडतां दवाखाना गांठावा.

बाजारांत विजेवर धडधडणारीं महाग यंत्रें मिळतात. तीं वाईट आहेत असें नव्हे. पण तेवढ्या रकमेंत घरांतील प्रत्येक बाईस चांगलें कोळपें येत असेल, तर तें आधीं घ्यावें असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमच्या घरीं आतां एक नेम आहे: ज्याचे पाय, त्याच्याच हातीं वाटी. वाचकांनीं हा नेम एक हंगाम पाळून पाहावा. बैलाची कदर करणाऱ्या घरास माणसाची कदर जड जाऊं नये.