चौथ्या मुलाचा हक्क

पेसाहच्या रात्री हाग्गादातील चार मुलांची गोष्ट आपण घरोघर वाचतो. चौथ्याला प्रश्नही विचारता येत नाही. म्हणून त्याला कुणी पंगतीतून उठवीत नाही. बापानेच आपणहून त्याला सांगू लागावे, असे आपल्याला शिकविले आहे. आमचे सरकार मात्र नेमके उलट वागते. ज्याच्या आईबापांना मागता येते, त्यालाच मिळते.

कागदावर काही उणे नाही. १९८८ च्या विशेष शिक्षण कायद्याने ३ ते २१ वर्षांच्या गरजू मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण साध्या शाळेत घातलेल्या मुलाला मदत कोण देणार? त्यासाठी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि २००२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. २००९ साली निवृत्त न्यायमूर्ती दालिया दोर्नर यांच्या समितीने सांगितले, की शाळा पालकांनी निवडावी आणि पैसा मुलाच्या मागे जावा. हे कायद्यात यायला २०१८ साल उजाडले. पहिलीतले मूल तोवर दहावीत गेले!

आता निवड पालकांची, असे सांगतात. ठीक आहे. पण शाळेत मदतनीस बाईच मिळत नसेल, तर निवडायचे काय? पगार तुटपुंजा, म्हणून आलेली बाईही अर्ध्या वर्षात सोडून जाते. पाने मांडायची आणि वाढायचे मात्र नाही, असा हा प्रकार आहे.

शिवाय समितीपुढे जायचे ते अहवालांची चळत घेऊन. तेल अवीवचा वकील बाप आणि दिमोनाच्या कारखान्यात पाळीवर जाणारा बाप एकाच खुर्चीवर बसतात, पण दोघांच्या शब्दाला सारखे वजन नसते. एक खासगी तज्ज्ञाचा अहवाल पुढे करतो. दुसरा मान डोलावून सही करून येतो. म्हणून आमची मागणी साधी आहे: तपासणी आणि पालकांना सल्ला सरकारने फुकट व वेळेवर द्यावा, मंजूर केलेली मदत वर्षाच्या पहिल्या दिवसापासून मिळावी, आणि मदतनिसांना पोटापुरता पगार द्यावा.

दोष आपलाही आहे. लोक काय म्हणतील, थोरलीच्या लग्नाला अडचण येईल, म्हणून आपण असे मूल पाहुण्यांपासून लपवितो. लपविलेल्या मुलासाठी मागणी कोण करणार? आपल्या वडीलधाऱ्यांनी समान हक्कासाठी जेरुसलेमला ठाण मांडले आणि १९६४ साली क्नेसेटला ते पूर्ण ज्यू असल्याचे मान्य करावे लागले. त्यांच्या लेकरांनी एका सहीपुढे गप्प बसावे काय?

बंधुभगिनींनो, समितीपुढे एकटे जाऊ नका. चांगले हिब्रू बोलणारा कुणी शेजारी, भाचा, पुतण्या बरोबर न्या. न समजलेल्या कागदावर सही करू नका. निर्णय पटला नाही, तर मुदतीत हरकत घ्या. चौथ्याला विचारता येत नाही. त्याच्या वतीने तोंड उघडायचे ते आपणच.