न बोलावता आलेलं फंक्शन

फ्लॅश पुसणारं फंक्शन कुणीच कॉल केलेलं नाही, तरी ते चालतं आणि मीटरचं कॅलिब्रेशन साफ! मग आपली मंडळी कंपायलरला शिव्या घालत जागोजागी प्रिंटएफ पेरतात. मला हे अजिबात पटत नाही. प्रिंटएफ स्वतःच भरपूर स्टॅक खातो, आणि बऱ्याचदा दुखणं तिथंच असतं. कॉर्टेक्स-एम४ वर नुसता इंटरप्ट आला तरी हार्डवेअर ३२ बाइट स्टॅकवर टाकतं. फ्लोटिंग पॉइंट वापरात असेल तर १०४. एका टास्कचा स्टॅक शेजारच्याच्या हद्दीत घुसून तिथला रिटर्न ॲड्रेस बदलला, की परतायच्या जागी भलतीकडेच उडी. म्हणून कॉल कुणी केला हे शोधू नका (कुणीच केलेला नसतो!), तो ॲड्रेस कुणी खरडला ते बघा. डिबगरमध्ये त्या जागेवर वॉचपॉइंट लावा, चोर लिहितानाच सापडेल. डेडलाइन आली की मात्र स्टॅक दुप्पट करून रिलीज... असो.