भरतीचा कागद आणि बोर्डाचा कागद

डिसेबिलिटी पेन्शनचे दावे बहुतेक एकाच वाक्यावर आपटतात. आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असं ते वाक्य. रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रात ते इंग्रजीत येतं. घरातलं कॉलेजात जाणारं पोर ते वाचून दाखवतं, हवालदारसाहेब ‘बरं’ म्हणतात आणि पत्र ट्रंकेत जातं. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या फौजी घरांत अशी पत्रं ट्रंकेच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून आहेत. वरून ‘नाही’ आलं म्हणजे नाही, ही फौजेत अंगात मुरलेली सवय. पण हे पत्र म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. एका बोर्डाचं मत त्यात उतरवलेलं असतं, आणि ते मत कशाच्या आधारावर दिलं हे विचारायचा त्या हवालदाराला पूर्ण हक्क आहे.

नोकरी संपताना जवानाला लष्करी रुग्णालयात रिलीज मेडिकल बोर्डापुढे उभं राहावं लागतं. आजारामुळे मुदतीआधीच घरी पाठवायचं असेल तर इनव्हॅलिडिंग बोर्ड बसतं. फौजेच्या बोलीत माणूस ‘बोर्ड आऊट’ होतो. त्याचा कागद म्हणजे एएफएमएसएफ-१६. बोर्ड त्यात दोन गोष्टी ठरवतं: अपंगत्व किती टक्के, आणि त्याचा सेवेशी संबंध आहे की नाही. टक्क्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, कारण आकडा २० च्या खाली गेला की पेन्शनची वाट बंद होते. (बोर्ड आऊट झालेल्यांचं वेगळं. ज्याला आजारापायी घरी पाठवलं त्याचं अपंगत्व २० टक्क्यांहून जास्त आहे असंच धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सुखविंदर सिंग प्रकरणात सांगितलं.) दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र कुणी बघत नाही. तिथे ‘नाही’ लिहून पुढे एखादी ओळ कारण म्हणून टाकलेली असते: आजार प्रकृतीतलाच आहे, किंवा तो शांतता क्षेत्रात असताना सुरू झाला. फिट्स असोत, रक्तदाब असो की डोक्याचा आजार, ओळ फारशी बदलत नाही. खाली जवानाची सही. “सही कर म्हणाले, केली,” हे उत्तर इतक्या वेळा ऐकलंय की सही का केली हे हल्ली मी विचारतच नाही.

या एका ओळीला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये लगाम घातला. धर्मवीर सिंग १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झाले आणि नऊएक वर्षांच्या नोकरीनंतर एपिलेप्सीमुळे, २० टक्के अपंगत्वावर, घरी आले. बोर्डाचं मत तेच ठरावीक. न्यायालयाने १९८२ चे एन्टायटलमेंट रूल्स समोर ठेवले. भरतीच्या वेळच्या कागदात आजाराची नोंद नसेल, तर जवान त्या दिवशी धडधाकट होता असं धरायचं. पुढे तब्येतीमुळे त्याला काढलं, तर ती सेवेमुळे बिघडली असं मानायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर ते दाखवून देणं लष्कराचं काम. भरतीच्या तपासणीत हा आजार का सापडू शकला नसता, याची कारणं बोर्डाने लिहिली पाहिजेत. शंका राहिली तर तिचा फायदा जवानाला. २०२५ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात न्यायालयाला हेच पुन्हा सांगावं लागलं: कारण न देता दिलेल्या मतावर पेन्शन नाकारता येत नाही. बारा वर्षांनी तेच सांगावं लागतं, यावरून खालच्या टेबलांपर्यंत काय पोचलं असेल ते दिसतंच.

म्हणून माझं म्हणणं असं की, दाव्याची फाईल आजाराच्या कागदांनी फुगवू नका. गावाकडे नेमकं तेच होतं. खाजगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एमआरआयच्या फिल्म, औषधांची बिलं असा गठ्ठा जातो, आणि त्यातून एवढंच कळतं की माणूस आजारी आहे. ते बोर्डानेही नाकारलेलं नसतं. वाद आजार आला कुठून याचा आहे. त्याला दोन कागद लागतात: भरतीच्या वेळच्या मेडिकलचा आणि शेवटच्या बोर्डाचा. पहिल्यात सगळं ‘नॉर्मल’ आणि दुसऱ्यात कारण नाही, एवढं शेजारी शेजारी ठेवलं की दावा निम्मा उभा राहिला.

हे दोन्ही कागद जवानाकडे सहसा नसतात. ते रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. साधा अर्ज करून प्रत मागावी. दाद नाही मिळाली तर माहिती अधिकारात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून मागावी. अर्जात ‘माझी सर्व कागदपत्रं द्या’ असं मोघम लिहू नये. भरतीची वैद्यकीय तपासणी, प्रत्येक कॅटेगरी बोर्डाचा एएफएमएसएफ-१५, शेवटचा एएफएमएसएफ-१६ आणि पेन्शन नाकारल्याचं पत्र, असं नावानिशी लिहावं. उशीर करू नये. पेन्शन न मिळालेल्या जवानांची सेवा कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे, आणि ‘कागद नष्ट केले’ या उत्तरावर अनेक खटले वर्षानुवर्षं रखडलेत. मग लढाई कागदांशिवाय लढावी लागते.

मधल्या काळातले कागद कमी लागतात, पण जे लागतात ते नेमके लागतात. भरतीला शेप-वन, म्हणजे पूर्ण फिट, असलेला माणूस पहिल्यांदा लो मेडिकल कॅटेगरीत कधी गेला, त्या वेळी कुठे होता आणि काय ड्युटी करत होता? एएफएमएसएफ-१५ मध्ये याची उत्तरं असतात. रक्तदाबाचा दावा करणाऱ्याने पोस्टिंगचा तक्ता जोडलाच पाहिजे. सियाचीन, लेह, काश्मीर, मणिपूर यांच्यापुढे तारखा लिहाव्यात, कारण डॉक्टरांसाठीच्या लष्करी मार्गदर्शिकेनेच फील्ड आणि उंचावरच्या सेवेला वजन दिलंय. हृदयविकारात तर झटका येण्याआधीच्या चौदा दिवसांत जवानाला कोणतं काम होतं याचा तपशील युनिटकडून मागवला जातो. हा चौदा दिवसांचा कागद युनिटच्या कारकुनाने कसा भरला त्यावर पुढची तीस वर्षं ठरतात. त्याने सवयीने ‘नॉर्मल ड्युटी’ असं लिहिलं की संपलं. रात्रीचे पहारे, बॉर्डरवरचा स्टँड-टू, कन्व्हॉयची धावपळ, सगळं त्या दोन शब्दांत बुडतं. नोकरीत असलेल्या कुणी हे वाचत असेल तर त्याने हा कागद मागून पाहावा. पाहायला मागण्यात बेशिस्त काही नाही.

जखमेचं गणित वेगळं आहे. इथे डॉक्टरांपेक्षा युनिटचा शब्द मोठा. इंज्युरी रिपोर्ट म्हणजे आयएएफवाय-२००६. त्यात जवान त्या वेळी ड्युटीवर होता का आणि चूक कुणाची होती हे लिहिलेलं असतं. गंभीर जखम असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीही होते. व्हॉलीबॉल खेळताना मोडलेला गुडघा, पीटीत सरकलेली मणक्याची चकती यांचा रिपोर्ट त्या वेळी झाला नाही, तर वीस वर्षांनी ‘खेळताना लागलं होतं’ हे दाखवायला कुणी साक्षीदार सापडत नाही. आणि रजेचं म्हणाल तर लोकांच्या मनात फार गोंधळ आहे. घरून ड्युटीवर जाताना किंवा ड्युटीवरून घरी येताना, वाटेत अपघात झाला तर तो प्रवास ड्युटीत धरतात. तिथे लीव्ह सर्टिफिकेट आणि वॉरंटवरचं रेल्वे तिकीट हे सोन्याचे कागद. पण रजेवर गावात असताना स्कूटरवरून पडलेल्या जवानाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळला. नोकरीशी धागा हवा. जत्रेत लागलेल्या जखमेचा धागा सीमेपर्यंत ओढू पाहणारे अर्ज मी वाचलेत. अशा अर्जांनी खऱ्या अर्जांवरही संशय येतो.

पत्र आल्यापासून पहिल्या अपिलाला सहा महिने, ते फेटाळलं तर दुसऱ्या अपिलाला पुन्हा सहा. त्यानंतर सशस्त्र बल न्यायाधिकरण, म्हणजे एएफटी. महाराष्ट्र-गोव्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. मुदत गेली म्हणून घरी बसायचं कारण नाही, कारण पेन्शन दर महिन्याला नव्याने थकते. तरसेम सिंग १९८३ मध्ये बाहेर पडले आणि न्यायालयात गेले १९९९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हक्क मान्य केला, पण थकबाकी फक्त अर्जाआधीच्या तीन वर्षांची दिली. उरलेली गेली. त्यातच २००८ च्या नव्या एन्टायटलमेंट रूल्सने एक कलम आणलं: बाहेर पडून १५ वर्षं झाल्यावर दावा केला, तर सिद्ध करायचा भार दावेदारावर. धर्मवीर सिंग प्रकरणाने ज्याच्या खांद्यावरून ओझं उतरवलं, तोच उशिराने ते पुन्हा खांद्यावर घेतो.

दावा मान्य झाल्यावरही पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, नीट वाचावा. २० ते ५० टक्क्यांच्या मधलं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ च्या मधलं ७५, आणि त्यावर १००, असा नियम २००१ च्या सरकारी पत्राने बोर्ड आऊट झालेल्यांना १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना सरकार तो देत नव्हतं. त्यांच्याविरुद्ध केंद्राने शेकडो अपिलं लढवली आणि डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सगळी हरलं. डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा वाटा, १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो. पगार ४०,००० असेल तर १०० टक्क्यांना १२,००० रुपये. ३० टक्के अपंगत्वाला ३,६००, पण ते ५० धरलं की ६,०००, वर महागाई भत्ता. महिन्याला २,४०० रुपयांचा हा फरक प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून आपोआप येईल, अशी वाट पाहत अनेक जण बसलेत. पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर आपला टक्का काय दिसतो, एवढं तरी मुलाकडून पाहून घ्यावं.

२१ सप्टेंबर २०२३ पासून बाहेर पडणाऱ्यांना नवे नियम आहेत. नोकरीत राहिलेल्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ हा नवा प्रकार आला आणि रक्तदाब-मधुमेहासारख्या आजारांची कसोटी कडक झाली. सरकारची तक्रार अगदीच खोटी नाही. निवृत्तीच्या वर्षात आजार शोधून काढणारे आहेत, आणि डिसेबिलिटी पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा बरंच मोठं आहे, हे लेखापरीक्षणातही आलं. पण गैरफायदा घेणाऱ्याला नियम पाठ असतो, सल्लागार असतो, फाईल तयार असते. नियम आवळला की आधी गळफास बसतो तो शिपायाला, ज्याने एएफएमएसएफ-१६ वाचलाच नाही. जुन्यांवर नवे नियम लावता येत नाहीत, हेही त्याला कुणी सांगत नाही.

सांगणारे आहेत ते वेगळे. थकबाकीत टक्केवारी घेऊन ‘केस काढून देतो’ म्हणणारे तालुक्याच्या गावी फिरतात. त्यांच्या आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. तिथे अपिलाचा मसुदा फुकट पाहून देतात. गावात एखादे निवृत्त सुभेदार मेजर किंवा हेडक्लार्क असतात, त्यांना तर या कागदांचे नंबर तोंडपाठ असतात. अपील दोन पानांत बसतं: भरतीला काय लिहिलं होतं, बोर्डाने काय लिहिलं, कारण कुठे आहे, आणि नियम काय म्हणतो.

फाईल करताना बायकोला शेजारी बसवावं. तिचं नाव आधार कार्डावर एक, पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे लष्करी नोंदीत, दुसरं, माहेरचं तिसरंच, असं फौजी घरांत सर्रास आढळतं. नवरा नोकरीत असताना त्याच्या एखाद्या सहकाऱ्याने अंदाजाने तिची जन्मतारीख सांगितलेली असते. डिसेबिलिटीच्या खटल्यांना पाच-सहा वर्षं सहज लागतात, आणि आजारी माणूस तोवर राहीलच असं नाही. तो गेल्यावर थकबाकी मागायला तीच उभी राहते. तेव्हा ही नावं जुळवत बसण्यापेक्षा, रेकॉर्ड ऑफिसला अपील पाठवतानाच नाव-दुरुस्तीचा अर्ज आणि शपथपत्र त्याच लिफाफ्यात नको, वेगळ्या लिफाफ्यात, स्पीड पोस्टाने पाठवावं. एकत्र पाठवलं की ऑफिस आधी नावाची दुरुस्ती करत बसतं आणि अपील तसंच पडून राहतं.