टॅटू काढा, पण सुई बघून
रावेतच्या सोसायट्यांमधली तरुण मंडळी सुट्टीत थायलंड, बालीला जातात आणि दंडावर टॅटू काढून येतात. हौस जरूर करावी. पण सुईचं सीलबंद पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडायला लावा. शाई नव्या, छोट्या कपात ओतलेली हवी. सुई थेट बाटलीत बुडवताना दिसली, तर भिडेखातर बसून राहू नका, उठा. हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. बीवर लस आहे, पण तिचे 3 डोस पूर्ण व्हायला साधारण 6 महिने लागतात. सीवर लसच नाही. ओल्या टॅटूला समुद्राचं पाणी वाईट, म्हणून हे काम सहलीच्या शेवटी ठेवा. आणि टॅटूनंतर 12 महिने रक्तदान करता येत नाही, म्हणून टॅटू काढल्याचं शिबिरातल्या डॉक्टरांना त्यांनी न विचारताही सांगा.