झीलकऱ्यांचा वारसा आणि आपली ज्येष्ठ मंडळी

आंबेडकरी जलशाने महाराष्ट्राला शाहीर दिले, तसे झीलकरीही दिले. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची नावे इतिहासात नोंदली गेली. त्यांच्या मागे उभे राहून ध्रुवपद उचलणाऱ्यांची बहुधा नाहीत. सोलापूरच्या वस्त्यांत हे झीलकरी म्हणजे गिरणीची पाळी संपवून आलेले कामगार आणि दिवसभर विड्या वळून थकलेल्या आयाबाया. चळवळीचे गाणे घरोघर पोहोचले ते त्यांच्या कंठातून.

आज ती पिढी सत्तरीपलीकडे गेली आहे. गिरण्या बंद पडल्या, मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेली. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि त्या गदारोळात म्हाताऱ्या गळ्यांना जागा उरत नाही. कित्येक गाणी तोंडपाठ असलेली माणसे घराच्या कोपऱ्यात मुकी बसलेली आम्ही पाहतो.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात १२ ज्येष्ठ नागरिक केंद्रांतील ३९० वृद्धांना घेऊन समूहगायनाचा अभ्यास झाला. २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांच्या गायनानंतर वृद्धांचा एकाकीपणा घटला, जगण्यातील रस वाढला. स्मरणशक्तीसारख्या बौद्धिक क्षमतांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा गाण्याने विस्मरणाचा आजार टळतो, असा दावा आम्ही करणार नाही. ऐकीव गोष्ट तपासूनच स्वीकारावी, हे कालामांना उपदेश करणाऱ्या तथागतांनीच शिकविले आहे. परंतु एकाकीपणा घटणे हे काही लहान फळ नव्हे. झील धरणाऱ्याला शेजाऱ्याचा सूर ऐकावा लागतो, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि ठरल्या दिवशी घराबाहेर पडावे लागते. आपल्यावाचून काही अडते, ही जाणीव उतारवयात औषधाइतकीच मोलाची असते.

म्हणून आमची सूचना अशी, की शाळेने दर रविवारी वंदनेनंतर एक तास परिसरातील ज्येष्ठांसाठी राखून ठेवावा. सभागृह आहे, पेटी-ढोलकी आहे, विद्यार्थी आहेत. मुलांनी ज्येष्ठांकडून गाणी शिकावीत आणि ती वहीत उतरवून घेताना गाणाऱ्याचे नाव, गाव व गाणे कोठे शिकले तेही लिहावे. उद्याच्या इतिहासकाराला अशा वह्यांइतके अस्सल साधन क्वचितच मिळेल.

स्पर्धा परीक्षांच्या काळात हे कशाला, असे काही पालक विचारतील. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, तेव्हापासून आपली मुले शिक्षणासाठी घर सोडून राहत आली आहेत. वसतिगृहातले मूल आजी-आजोबांना पारखे असते आणि वस्तीतली आजी नातवंडांना. या दोघांना आठवड्यातून एक तास एकत्र गाऊ देणे शाळेला जड नाही. माजी विद्यार्थ्यांनी पुढाकार घ्यावा आणि येत्या वर्षावासातच आरंभ करावा. झीलकरी अजून आपल्यात आहेत, तोवरच हे शक्य आहे.