परवाना खुला, पण चावी कुणाकडे?

रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने जुलै २०२३ पासून बाहेरच्या ॲप्सकडून आपली सेवा वापरण्याचे पैसे मागायला सुरुवात केली. त्या तडाख्यात रेडिट वाचण्यासाठीचं ‘इन्फिनिटी’सारखं मुक्त परवान्याचं ॲपही सापडलं. त्याचा सोर्स कोड जागच्या जागी होता, परवान्यातलं एक अक्षरही बदललं नव्हतं. तरी ते कोणत्या अटींवर चालायचं हे ठरवणं ना वापरणाऱ्याच्या हाती उरलं, ना लिहिणाऱ्याच्या. म्हणूनच एखादं सॉफ्टवेअर मुक्त आहे की नाही, हे नुसता परवाना पाहून ठरवणं अपुरं आहे. ते कशाच्या जिवावर चालतं, हेही वर्गीकरणात यायला हवं.

ही कल्पना नवी नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीने १९९७ च्या आपल्या सामाजिक करारातच ‘कॉन्ट्रिब’ हा वेगळा विभाग मान्य केला. स्वतः मुक्त, पण बंदिस्त घटकावाचून अडणारे प्रोग्रॅम त्यात जातात. सन कंपनीचं जावा बंदिस्त होतं तोवर त्यावर विसंबलेले कित्येक मुक्त प्रोग्रॅम तिथेच होते. सनने २००६-०७ मध्ये जावाचा बहुतांश कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केला आणि अशा प्रोग्रॅमना मुख्य विभागाची वाट मोकळी झाली. मात्र डेबियनचा नियम पाहतो तो यंत्रावर बसवायच्या घटकांकडे. दूरच्या सर्व्हरवरचं अवलंबित्व त्याच्या कक्षेत येत नाही. आज खरी अडवणूक तिथेच होते. टेलिग्रामच्या ॲपचा कोड खुला आहे, सर्व्हरचा नाही. अँड्रॉइडसाठी मुक्त ॲप्स पुरवणारं एफ-ड्रॉइड अशा ॲप्सवर बंदी घालत नाही, पण ती बंदिस्त सेवेवर अवलंबून असल्याची स्पष्ट खूण करतं. हाच मार्ग योग्य आहे.

यावर आक्षेप असा की, इतकं काटेकोर व्हायचं तर प्रोसेसरपासून मोबाइल नेटवर्कपर्यंत सगळंच बंदिस्त निघेल आणि खूण निरर्थक ठरेल. म्हणून कसोटी नेमकी हवी: बंदिस्त भाग काढून टाकला किंवा त्याच्या जागी दुसरा लावला, तर सॉफ्टवेअरचं मुख्य काम होतं का? होत असेल तर खुणेची गरज नाही. दुसरा आक्षेप असा की, अशी खूण प्रामाणिक प्रोग्रॅमरचा हिरमोड करते. खुला कोड तपासता येतो, त्यामुळे अर्धं मुक्त ॲपही पूर्ण बंदिस्त ॲपपेक्षा चांगलंच, हे मान्य. पण खूण म्हणजे शिक्षा नव्हे. कोणता भाग अजून मोकळा व्हायचा आहे, हे ती दाखवते.

सरकारी ॲप्सना तर हा नियम आधी लागू व्हावा. ‘आरोग्य सेतू’च्या अँड्रॉइड ॲपचा कोड मे २०२० मध्ये खुला झाला, तेव्हा सर्व्हरचा कोड त्यात नव्हता, लोकांची माहिती मात्र सर्व्हरकडेच जाऊ शकत होती. जनतेच्या पैशातून बनलेलं ॲप ‘खुलं’ म्हणवून घेणार असेल, तर ते कोणत्या बंद दारांवर विसंबून आहे, हे डाउनलोडच्या बटणाशेजारीच लिहिलेलं असलं पाहिजे.