मोडीत कशाला?

दुकानदार माझ्या बारा वर्षांच्या लॅपटॉपकडे पाहून म्हणाला, “काका, मोडीत काढा. कंपनीची नवी प्रणाली यावर चालायची नाही.” पडदा शाबूत, कळफलक शाबूत, आणि मोडीत? गिरणी बंद पडली म्हणून अंगातले धोतर कोणी फेडतो काय?

त्याच रात्री मी पेनड्राइव्हवरून त्यावर लिनक्स चढवले. आधी वायफाय रुसले, मग सौभाग्यवती; पहाटेपर्यंत दोघांचीही समजूत पटली. खर्च? एक छदामही नाही.

“हे तज्ज्ञांचे काम,” असे आमचे शहाणे मित्र सांगतात. अहो, या प्रणालीचा गाभा १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने निव्वळ छंद म्हणून लिहिला आणि त्याचा सोर्स कोड जगापुढे उघडा ठेवला! २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातले अव्वल ५०० महासंगणक एकजात त्यावर चालतात. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनसुद्धा त्याच गाभ्यावर. आणि जी वस्तू उघडून पाहायची चोरी, ती विकत घेऊनही भाड्याचीच नव्हे काय?

नात सध्या त्या ‘मोडीत’ यंत्रावर दिवाळीच्या किल्ल्याचा नकाशा काढते आहे. प्रिंटर अजून दाद देत नाही, हे कबूल.